इमॅन्सिपेशन पार्क, ह्यूस्टन: उद्यान आखणाऱ्यांसाठी परीक्षण

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा: पाचपैकी चार. कापलेल्या एका गुणाचं कारण कुंपणाच्या बाहेर आहे, त्यावर शेवटाकडे येऊच. आपल्या शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीच्या इतिहासाचं उद्यान उभारायला निघालेल्या समितीने वास्तुविशारद नेमण्याआधी टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डातली ही दहा एकर जागा बघून यावी. फक्त नव्या इमारतीचे फोटो काढून परत येऊ नये. इमारत चांगलीच आहे, पण उचलण्यासारखं जे आहे ते हिरवळीत, कामांच्या क्रमात आणि कशाचा खर्च कोण उचलतं यात आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. 19 जून 1865 रोजी जनरल गॉर्डन ग्रेंजरने गॅल्व्हेस्टनमध्ये जनरल ऑर्डर नंबर 3 जारी केली आणि टेक्सासमधल्या गुलामांच्या मुक्ततेची अधिकृत घोषणा झाली. तो दिवस म्हणजे जूनटीन्थ. दरवर्षी तो साजरा करायला हक्काची जागा हवी म्हणून 1872 मध्ये जॅक येट्स, रिचर्ड ॲलन, रिचर्ड ब्रॉक आणि एलायस डिबल या चौघांनी पुढाकार घेऊन पैसे उभे केले आणि ही जमीन विकत घेतली. चौघेही गुलामगिरीतून बाहेर आलेले. पुढे जमीन शहराकडे गेली. 1922 ते 1940 या काळात ह्यूस्टनमध्ये कृष्णवर्णीयांना खुलं असलेलं हे एकमेव सार्वजनिक उद्यान होतं. 1938-39 मध्ये संघराज्याच्या सार्वजनिक बांधकाम योजनेतून इथे समाजकेंद्र, पोहण्याचा तलाव आणि स्नानगृहाची इमारत उभी राहिली. आराखडा विल्यम वॉर्ड वॉटकिन यांचा. 2007 मध्ये जागेला शहराचा वारसा दर्जा मिळाला. मग 3 कोटी 36 लाख डॉलर खर्चून नूतनीकरण झालं आणि जून 2017 मध्ये, जूनटीन्थच्या तोंडावर, उद्यान पुन्हा उघडलं. वास्तुविशारद होते फिल फ्रीलन. वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या वास्तुविशारदांतही ते होते.

या तारखांकडे नियोजनाच्या अंगाने पाहिलं की एक गोष्ट लगेच दिसते. जमीन ज्या कामासाठी घेतली ते काम दीडशे वर्षांनंतरही तिथेच चालू आहे. माणसं 1872 मध्ये जूनटीन्थला जमायची, आजही जमतात. त्यामुळे 'इथे काय घडलं' हे सांगण्याचा निम्मा भार कॅलेंडरच उचलतं. ज्या शहरांकडे असं चालू काम उरलेलं नाही, ती हा रिकामेपणा पुतळ्याने भरायला जातात. तिथे पहिला प्रश्न 'स्मारक कसं दिसेल' हा नकोच. या जागेवर लोक काय करत होते, आणि त्यातलं काय पुन्हा सुरू करता येईल? रविवारचं बेसबॉल, चर्चची सहभोजनं, शाळेच्या बँडचा सराव, जे असेल ते. त्यावरून जागेची मापं निघतात. बेसबॉलसाठी मैदान हवं, बँडला सावलीतली टणक फरशी हवी, सहभोजनाला पाण्याचा नळ आणि लांब टेबलं हवीत. पुतळ्याला यातलं काहीच लागत नाही, आणि म्हणूनच समित्यांना पुतळा सोपा वाटतो.

इमारतींबाबत इथे घेतलेला सगळ्यात शहाणा निर्णय म्हणजे 1939 चं समाजकेंद्र आणि स्नानगृह न पाडणं. नवं व्यायाम आणि खेळांचं केंद्र त्यांच्या सोबतीला उभं केलं. जुनी इमारत दुरुस्त करणं अनेकदा नवी बांधण्यापेक्षा महाग पडतं: ॲस्बेस्टॉस, शिसं असलेला रंग, बसक्या छताचे सांधे, आणि अपंगांसाठीच्या प्रवेशाचे आजचे नियम. म्हणून अंदाजपत्रकाच्या पहिल्या बैठकीतच 'पाडून नवं बांधू' असा सूर निघतो. तो तिथल्या तिथे थोपवायला हवा. ज्या तलावाव्यतिरिक्त दुसरीकडे पोहायची परवानगी नव्हती, त्या तलावाशेजारची भिंत पाडून तिथे 'इथे एकेकाळी तलाव होता' असा फलक लावणं म्हणजे निव्वळ विनोद. नव्या इमारतीला खोल ओसरीसारखी पुढे आलेली छतं आहेत. थर्ड वॉर्डातल्या अरुंद, एका रांगेत खोल्या असलेल्या शॉटगन घरांच्या व्हरांड्याचा तो संदर्भ. संदर्भ कुणाला कळला नाही तरी सावली मिळतेच, आणि ह्यूस्टनच्या जूनमध्ये तीच जास्त कामाची. प्रतीकाला दुसरा उपयोगही असावा, ही कसोटी बाकी शहरांनी जरूर चोरावी.

आता हिरवळ, कारण अशी उद्यानं बहुतेक तिथेच फसतात. वर्षातले साडेतीनशे दिवस शांत आणि दोन दिवस हजारो माणसं, ट्रक, मंच, जनरेटर: हा ताण साध्या लॉनला सोसत नाही. ह्यूस्टनची माती चिकण. ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते आणि भेगाळते. त्यावर गर्दी चालली की वरचा चार ते सहा इंचांचा थर दाबला जातो, पाणी मुरायचं थांबतं, मुळांना हवा मिळत नाही आणि महिनाभरात तिथे पिवळा पट्टा उठून दिसतो. उपाय माहीत असलेलेच आहेत, फक्त ते आराखड्यात पहिल्या दिवसापासून हवेत. मुख्य हिरवळीखाली दहा ते बारा इंच वाळूप्रधान थर आणि त्याखाली सच्छिद्र निचरा नळ्या. ट्रक जिथून मंचापर्यंत जाणार तिथे वेगळा मजबूत केलेला पट्टा. कार्यक्रमानंतर यंत्राने मातीत भोकं पाडून वर वाळू पसरणं, आणि पुढचे दोन-तीन आठवडे त्या भागावर दुसरं बुकिंग न घेणं. हे शेवटचं कलम करारात नसेल तर कुणी पाळत नाही. हिरवळीवर टाकलेल्या फळ्या किंवा पत्रे उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत उचलावे लागतात, नाहीतर खालचं गवत अक्षरशः शिजतं.

गवताच्या निवडीतही एक तिढा आहे. बर्म्युडा गवत तुडवणं सहन करतं, पण त्याला भरपूर ऊन लागतं. सेंट ऑगस्टीन सावलीत टिकतं, पण गर्दीखाली लवकर मरतं. म्हणजे 'भरगच्च झाडांच्या सावलीत उत्सवाचं मैदान' हे चित्र सादरीकरणात कितीही गोड दिसलं तरी दक्षिणेच्या हवेत जगत नाही. मैदान उघडं ठेवा, झाडं कडेने दाट लावा, आणि दोघांच्या मधल्या पट्ट्यात बाकं टाका. जुनी मोठी झाडं असतील तर खोडाच्या व्यासाच्या दर इंचामागे एक फूट त्रिज्येचं वर्तुळ बांधकामाच्या काळात कुंपण घालून राखायचं: 24 इंच खोड, तर चोहोबाजूंनी 24 फूट. त्या वर्तुळात सिमेंटच्या गोण्या नकोत, गाड्या नकोत, चर खणणं तर नकोच. पाइप न्यायचाच असेल तर खालून आडवं भोक पाडून न्या. हा नियम मोडल्यावर झाड त्या वर्षी मरत नाही. तीन-चार वर्षांनी शेंडे वाळू लागतात, तोवर ठेकेदाराची हमी संपलेली असते.

वीज आणि शौचालयं या दोन विषयांवर कुणी भाषण करत नाही. मोठ्या मंचासाठी थ्री-फेज, किमान 200 अँपियरची कायम जोडणी जमिनीतूनच आणून ठेवावी. खाद्यविक्रेत्यांसाठी कडेने वेगळे खांब, नाहीतर दर वर्षी जनरेटर भाड्याने येतात आणि त्यांच्या आवाजात चर्चच्या गॉस्पेल गाण्यांचा सूर बुडतो. चार तासांच्या कार्यक्रमाला शंभर माणसांमागे एक तात्पुरतं शौचालय हा ढोबळ हिशेब. प्रत्येक समूहात पाच टक्के आणि किमान एक व्हीलचेअरसाठीचं, हा नियम. वाटांचा चढ वीसास एकपेक्षा जास्त झाला की ती कायद्याने रॅम्प ठरते आणि कठडे लागतात, म्हणून सुरुवातीलाच उतार त्याच्या आत ठेवावा. या उद्यानांतल्या कार्यक्रमांना पहिल्या रांगेत बसणारी माणसं सत्तरी-ऐंशीची असतात. मंचापर्यंतची वाट त्यांच्यासाठी आखली तर ती सगळ्यांनाच चालते.

फलकांवर जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त भांडणं त्यांच्यावरून होतात आणि सगळ्यात कमी विचारही त्यांचाच होतो.

मेम्फिसचं उदाहरण बघा. 8 मे 1925 रोजी मिसिसिपीत बुडणाऱ्या आगबोटीतल्या 32 लोकांना टॉम ली नावाच्या कृष्णवर्णीय कामगाराने आपल्या छोट्या होडीतून वाचवलं. त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं. 1954 मध्ये शहराने नदीकाठच्या टॉम ली पार्कात त्याच्या नावाने शिलास्तंभ उभारला. त्यावर त्याचं वर्णन 'अ व्हेरी वर्दी नीग्रो', म्हणजे फारच लायक नीग्रो, असं कोरलं. सन्मान करताना वापरलेली ही भाषा किती वरून खाली बघणारी आहे, हे कोरणाऱ्यांना खटकलं नाही, आणि ते दगडात असल्याने खोडताही येईना. 2006 मध्ये बचावाचा प्रसंग दाखवणारं कांस्यशिल्प उभं राहिलं. 2023 मध्ये सुमारे 6 कोटी 10 लाख डॉलर खर्चून सगळं उद्यान नव्याने घडवलं. धडा साधा आहे: विशेषणं दगडात कोरू नका. नाव, तारीख, कृती एवढंच दगडावर. अर्थ लावणारा मजकूर बदलता येणाऱ्या पत्र्यावर.

आकड्यांबाबतही हेच. इमॅन्सिपेशन पार्कच्या जमिनीची किंमत बहुतेक ठिकाणी 800 डॉलर दिलेली सापडते, काही नोंदींत 1000. अशा वेळी कांस्यावर 800 कोरून मोकळं होण्यापेक्षा 'हजाराच्या आत-बाहेर' असं लिहिलं किंवा खरेदीखताचीच प्रतिमा छापली तर निदान खोटं पडत नाही. एखाद्या घराण्याकडे वेगळा आकडा पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जात असेल, तर उद्घाटनाच्या दिवशी त्या घरातली आजी फलकासमोर उभी राहून 'हे चूक आहे' म्हणते, आणि तिचं खरंही असू शकतं.

मापं सांगायची तर वाटेकडेचा तिरका फलक साधारण 24 बाय 36 इंच, मजकूर शंभर-सव्वाशे शब्दांचा, अक्षर 24 पॉइंटच्या खाली नाही. याहून लांब मजकूर उन्हात उभं राहून कुणी वाचत नाही. प्लास्टिकच्या दाबीव थरांचा पत्रा स्वस्त, साधारण दहा वर्षं टिकणारा. भाजलेल्या इनॅमलचा महाग, पण दुपटीहून जास्त चालतो. मात्र दगड बसला की इनॅमलचा टवका उडतो आणि तिथून गंज धरतो. वस्तीच्या उद्यानात स्वस्त पत्रा आणि गोदामात छापून ठेवलेली एकेक जादा प्रत, हाच व्यवहारी मार्ग. सगळा इतिहास मोबाइलने स्कॅन करायच्या चौकटीत टाकायचा मोह टाळावा. तीन वर्षांत संकेतस्थळाचं भाडं भरायचं राहतं आणि चौकट कुठेच घेऊन जात नाही.

नॉर्थ कॅरोलिनातल्या राली शहरातलं फ्रीडम पार्क 2023 मध्ये खुलं झालं. आराखडा फ्रीलन यांचाच, पण ते 2019 मध्ये गेले, पूर्ण झालेलं पाहायला ते नव्हते. तिथे भिंतींवर राज्यातल्या कृष्णवर्णीय व्यक्तींची वचनं आहेत. विधिमंडळ आणि गव्हर्नरच्या निवासाच्या मधल्या त्या जागेला ते शोभतं, कारण तिथे माणसं कामाला जाता-येता थांबतात, वाचतात, पुढे जातात. तोच नमुना उचलून राहत्या वस्तीत ठेवला तर आठवड्याभराने भिंती कुणी वाचणार नाही, पोरं त्यांवर बॉल मारतील. ते वाईटच असं नाही, पण त्यासाठी एवढा खर्च कशाला?

क्रमाकडे येऊ. चित्रं काढण्याआधी कागद. जमिनीची मालकी उलट्या क्रमाने शोधत जायची: खरेदीखतं, करनोंदी, आगविम्यासाठी काढलेले सॅनबोर्न नकाशे, शहराच्या जुन्या निर्देशिका. या निर्देशिकांत अनेकदा कृष्णवर्णीयांच्या नावापुढे वेगळी खूण असते. भेदभावाची ती खूण आज शोधकाच्या कामाला येते. जनगणनेत 1870 ही भिंत आहे. गुलामगिरीतून सुटलेली माणसं नावानिशी पहिल्यांदा तिथे दिसतात, त्याआधीच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण. 1890 ची जनगणना बहुतांश जळाली, म्हणून 1880 ते 1900 ही मधली वीस वर्षं चर्चच्या वह्यांतून भरून काढावी लागतात, आणि 1870 च्या अलीकडचे-पलीकडचे दुवे 1865 ते 1874 चाललेल्या, मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या फ्रीडमन्स बँकेच्या खात्यांतून. त्या खात्यांवर मालकाचं, आई-वडिलांचं, भावंडांचं नाव लिहिलेलं असतं, आणि कुटुंबं जोडायला याहून चांगला कागद क्वचितच मिळतो. 1930 च्या दशकातले, कोणत्या वस्त्यांत कर्ज देणं धोक्याचं हे दाखवणारे 'लाल रेघांचे' नकाशेही काढावेत, वस्ती का खचली याचं उत्तर त्यांत असतं. ह्यूस्टनपुरतं बोलायचं तर 'इन्फॉर्मर' हे 1919 पासूनचं कृष्णवर्णीय वृत्तपत्र आणि ग्रेगरी स्कूलच्या इमारतीतलं सार्वजनिक ग्रंथालयाचं संशोधन केंद्र ही दोन दारं पहिल्यांदा ठोठावायची.

कागदानंतर जमीन. दफनभूमीची शंका असली तर खोदाईआधी जमिनीत शिरणाऱ्या रडारने तपासणी. चिकणमातीत हे रडार आंधळं होतं हे लक्षात ठेवावं, तिथे मातीचा वरचा थर हलक्या हाताने काढून रंगातला फरक बघणारा पुरातत्त्वज्ञच लागतो. न्यूयॉर्कमध्ये 1991 साली संघराज्याच्या कार्यालयाचा पाया खणताना आफ्रिकन दफनभूमी लागली. 419 जणांचे अवशेष बाहेर निघाले, लोक रस्त्यावर उतरले, आराखडा बदलावा लागला. पुनर्दफन 2003 मध्ये आणि स्मारक 2007 मध्ये. जुन्या नकाशांवर ती जागा नोंदलेली होती. कागद मन लावून वाचण्याचा खर्च आणि नंतरचा खर्च यांची तुलनाच नको.

ठेकेदाराच्या करारात ऐतिहासिक वस्तूंची यादी नकाशासह हवी आणि ती उपठेकेदारालाही लागू हवी. ह्यूस्टनच्याच फ्रीडमेन्स टाउन या मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेल्या भागात 2016 मध्ये रहिवाशांच्या पूर्वजांनी बसवलेल्या विटांच्या रस्त्याचा काही भाग ठेकेदाराच्या कामात उखडला गेला. काय जपायचं हे कार्यालयात सगळ्यांना ठाऊक असतं, पण खोदकामाच्या यंत्रावर बसलेल्या माणसापर्यंत ते पोचलेलं नसतं, असं अशा प्रसंगांत नेहमीच होतं. जागेवर रंगीत फीत, सकाळच्या हजेरीला पाच मिनिटांची सूचना आणि देखरेखीला वस्तीतला पगारी माणूस, एवढ्याने हे टळतं.

सभांबद्दल. नेहमीची चूक म्हणजे तीन तयार आराखडे घेऊन जाणं आणि लोकांना हिरवे-लाल ठिपके चिकटवायला सांगणं. तिघांतला कुठला रंग आवडला एवढंच त्यातून कळतं. पहिल्या दोन बैठकींत आराखडा नसावाच. मोठा नकाशा जमिनीवर अंथरावा आणि म्हाताऱ्या माणसांना काठीने दाखवू द्यावं: इथे न्हाव्याचं दुकान, इथे डॉक्टर, या कोपऱ्यात पोलिस उभे असायचे. ध्वनिमुद्रण न दाबलेल्या फाइलमध्ये, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट; संमतीपत्रात वापर कुठे होईल हे स्पष्ट; एक प्रत त्यांच्या घरी, एक ग्रंथालयात. सल्लागार समितीला मानधन द्या. वास्तुविशारदाला तासावर पैसे मिळतात आणि ज्याच्या आठवणीवर सगळं उभं आहे त्याला फक्त सँडविच, हे दिसायलाही बरं नाही. बैठक संध्याकाळी, चर्चच्या सराव-दिवसाशी न टकरणारी, मुलं सांभाळायची सोय असलेली. आणि मागच्या बैठकीत काय सांगितलं गेलं, त्यातलं काय घेतलं, काय घेतलं नाही आणि का, हा एक पानाचा कागद पुढच्या बैठकीच्या दारात. हा कागद नसला की चौथ्या बैठकीला माणसं येईनाशी होतात.

पैसा. ह्यूस्टनच्या या कामात मोठा वाटा परिसराच्या करवाढ-पुनर्गुंतवणूक क्षेत्राचा होता, जोडीला शहराचा निधी आणि देणग्या. या क्षेत्राचं यंत्र असं चालतं: एका वर्षाचं मालमत्तामूल्य गोठवायचं, त्यावर जी वाढ होईल तिचा कर तिथल्याच कामांसाठी वापरायचा. हुशार युक्ती आहे, आणि तिच्यातच खोच आहे. उद्यानासाठी पैसा हवा तर आजूबाजूच्या जमिनीचे भाव चढले पाहिजेत. भाव चढले की ज्यांचा इतिहास उद्यानात मांडलाय त्यांनाच घरपट्टी आणि भाडं झेपत नाही. संघराज्याच्या जमीन आणि जल संवर्धन निधीचा मार्ग वेगळा. तो साधारण निम्मा खर्च देतो, पण जागा कायम मैदानी वापरासाठी बांधली जाते. उद्या तिथे संग्रहालयाची इमारत हवी असली तर बदली जमीन शोधण्याची पाळी येते. म्हणून निधीच्या हद्दीची रेघ इमारतीची जागा वगळून आखायची.

बांधकामाचे पैसे मिळतात, फीत कापायला सगळे येतात. रोजच्या कामाचे पैसे मिळवताना घाम फुटतो. कार्यक्रम, माळी, तलावावरचे जीवरक्षक, विमा मिळून वर्षाला पाच लाख डॉलर लागत असतील, आणि कायम निधीतून दरवर्षी चार ते पाच टक्केच काढायचे असतील, तर निधी एक कोटी ते सव्वा कोटी डॉलरचा हवा. हा आकडा पहिल्या देणगीपत्रकातच छापला पाहिजे. इमॅन्सिपेशन पार्कमध्ये शहराच्या उद्यान विभागाबरोबर स्वतंत्र संवर्धन संस्था काम करते, कार्यक्रम आणि निधीउभारणी तिच्याकडे. अशा जोडव्यवस्थेत बल्ब गेला तर कुणी बदलायचा इथपर्यंत लेखी वाटप लागतं. नाहीतर दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि अंधारामुळे संध्याकाळचा बास्केटबॉल बंद पडतो.

आता तो कापलेला गुण. दहा एकरांच्या आत सगळं नेटकं झालं, पण उद्यान उघडायच्या आधीच भोवतालची घरं टिकवण्याची व्यवस्था त्याच ताकदीने उभी राहायला हवी होती. सामुदायिक जमीन-न्यास (जमीन वस्तीच्या वतीने धरून घरं परवडणारी ठेवणारी संस्था), वृद्ध घरमालकांचे वारसाहक्काचे अडकलेले कागद सोडवून देणारे वकील, दुरुस्तीची छोटी कर्जं, हे सगळं उद्यानाच्या आराखड्याचाच भाग समजून पहिल्या टप्प्यात सुरू करावं लागतं, कारण जमिनीचे दलाल घोषणेच्या दुसऱ्या दिवशी दारात असतात. शेजारीच याचा एक चांगला नमुना आहे. 1993 मध्ये सुरू झालेल्या प्रोजेक्ट रो हाउसेस या संस्थेने 22 शॉटगन घरं वाचवून त्यांत कलाकारांची आणि लहान मुलं असलेल्या एकल मातांची सोय केली. उद्यानासमोरचं 1939 चं एल डोराडो बॉलरूमही तिच्याकडेच आहे, 2023 मध्ये ते दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झालं. ही संस्था नसती तर गुण तीनवर आला असता.

वाईटाच्या टोकाला काय होतं हे कॅनडात हॅलिफॅक्सला दिसतं. तिथली आफ्रिकव्हिल ही कृष्णवर्णीय वस्ती 1960 च्या दशकात शहराने हलवली, चर्च 1967 मध्ये रात्रीच्या वेळी पाडलं, आणि रिकाम्या झालेल्या जागी पुढे उद्यान केलं. माफी 2010 मध्ये आली, चर्चची प्रतिकृती आणि जुनं नाव त्यानंतर. उद्यान छानच आहे, समुद्र दिसतो. फक्त रहिवासी तिथे राहत नाहीत, वर्षातून एकदा जुने शेजारी तंबू टाकून जमतात.

ह्यूस्टनला जायचं तर जूनटीन्थच्या आठवड्यात एकदा आणि एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी एकदा जा. पहिल्या खेपेला ट्रक कुठून शिरतात, रांगा कुठे तुंबतात, म्हातारी माणसं कुठल्या सावलीत बसतात ते टिपा. दुसऱ्या खेपेला कोणते दिवे लागतात आणि कोर्टवर कोण असतं ते. परतताना रस्त्यांच्या पाट्या वाचा. समोरचा रस्ता पूर्वी डिक डाउलिंग या कॉन्फेडरेट अधिकाऱ्याच्या नावाचा होता, म्हणजे मुक्तीचं उद्यान गुलामगिरीसाठी लढलेल्या माणसाच्या रस्त्यावर. 2017 मध्ये तो इमॅन्सिपेशन अव्हेन्यू झाला. उद्यानाच्या एका कडेच्या रस्त्याची पाटी मात्र अजून टुअम स्ट्रीट म्हणते. टुअम हे आयर्लंडमधलं गाव, डाउलिंग जन्मला ते त्याच्याजवळच.